नकाशाबरोबर उभा छेदही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत घरांचे तयार नकाशे येतात. आम्हाला घर बांधायचे होते म्हणून अशी कात्रणे मी चार वर्षे जपून ठेवली होती. त्यातला एकही नकाशा आमच्या कामी आला नाही. ते सगळे सपाट जमिनीचे होते, आणि राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत सपाट म्हणावी अशी जागा म्हणजे ज्याच्या त्याच्या दारातले खळे.

आमची जागा ७० फूट लांब. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पऱ्या म्हणजे ओहोळ, आणि रस्त्यापासून पऱ्यापर्यंत जमीन १० फूट उतरते. म्हणजे सात फुटांना एक फूट. ज्यांच्याकडून पहिला नकाशा काढून घेतला त्यांनी ४२ बाय ३० चे घर बसवले होते, लांब बाजू उताराच्या दिशेने. हॉल, स्वयंपाकघर, तीन खोल्या, मागेपुढे गाडी फिरेल एवढे अंगण. कागदावर काहीच खटकत नव्हते, कारण कागदावर उतार नव्हताच. विचारले तर म्हणाले, "जेसीबी लावून लेव्हल करून घेऊ."

लेव्हल करणे म्हणजे रस्त्याकडच्या टोकाला पाच फूट कापायचे आणि ती माती पऱ्याकडच्या टोकाला पाच फूट भरायची. मे महिन्यात जेसीबी आला आणि एका दिवसात वरची कड उभी कापून गेला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती कड ढासळली, आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांचा गडगाही (दगड रचून केलेले कुंपण) तिच्याबरोबर खाली आला. कोणाला इजा झाली नाही. गडगा आम्ही पुन्हा रचून दिला, पण शेजारच्या काकू महिनाभर आमच्याशी बोलत नव्हत्या आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, त्याच पावसात खेड तालुक्यात पोसऱ्यालाही घरे गाडली गेली. तो डोंगर कुठे आणि आमची पाच फुटांची कड कुठे, हे मला कळते. पण तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्याकडे माणसे उठून मागच्या दारी जातात आणि बॅटरी मारून बघतात. सासूबाईंची खाट ज्या भिंतीला लागणार, तिच्यामागे कापलेली माती उभी ठेवायला माझे मन तयार होईना.

तेव्हा गावातल्या वयस्कर गवंड्यांना बोलावले. त्यांनी कापलेल्या जागेत उतरून दाखवले: वर जांभा, त्याच्याखाली मऊ, चिकण थर. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, चिकण थरावर अडते आणि कापलेल्या कडेतून बाहेर पडू पाहते. तिथे भिंत बांधून वाट बंद केली की ते भिंतीमागे साठते. भिंतीला निथळभोके ठेवली आणि मागे दगडगोटे भरले तर पाणी सुटते, पण मातीचा रेटा राहतोच. भिंतीची उंची दुप्पट केली तर हा रेटा चौपट होतो, हे मला त्यांच्याकडूनच समजले. आणि भरावाबद्दल ते म्हणाले, "वहिनी, भरलेली माती दोन-तीन पावसाळे बसत राहते. तिच्यावर भिंत घेतलीत तर भिंतही बसेल." पायाचा तळ मूळ जमिनीतच हवा.

मी शिवणकाम करते. अंगावर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, आणि जमिनीचे माप न घेता आम्ही जेसीबी लावला होता. मग मुलाने आणि यजमानांनी पाण्याची पारदर्शक नळी धरून दर दहा फुटांवर खुंट्या मारल्या आणि चढउतार मोजला. ते आकडे घेऊन मी खाकी कागदावर जमिनीची बाजूने दिसणारी रेघ काढली आणि तिच्यावर घराचे तुकडे कापून ठेवून पाहिले. यालाच उभा छेद म्हणतात, हे नंतर कळले. पहिला नकाशा त्या रेघेवर ठेवला तेव्हा घराचे एक टोक जमिनीत रुतलेले आणि दुसरे हवेत, हे सगळ्यांना एका नजरेत दिसले. नुसत्या नकाशात ते दिसत नव्हते.

मग घर आडवे फिरवले. लांब बाजू ५० फूट, उताराला आडवी. उताराच्या दिशेने घर फक्त २४ फूट. क्षेत्रफळ ६० चौरस फुटांनी कमी झाले, पण २४ फुटांत उतार साडेतीन फुटांच्या आसपासच येतो. घराचे दोन टप्पे केले आणि मध्ये सहा इंचांच्या सात पायऱ्या घेतल्या. कापायचे आता कुठेही फुटापेक्षा जास्त नाही.

कोणती खोली कोणत्या टप्प्यावर, यावर मात्र आमच्या घरात दीड महिना वाद चालला. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघ्यांनी हैराण. त्यांना त्या सात पायऱ्या टाळून चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची, तर बारा फुटांना एक फूट या हिशेबाने ती ४२ फूट लांब झाली असती. म्हणून ओटी, माजघर, स्वयंपाकघर, त्यांची खोली आणि एक न्हाणीघर-संडास, सगळे रस्त्याकडच्या वरच्या टप्प्यावर. तिथे जोते फक्त एक फूट, त्याची बारा फुटांची उतरण अंगणातच बसली. खाली दोन खोल्या आणि पश्चिमेची पडवी. मुंबईचे दीर-जाऊ गणपतीला येतात, ते खाली. गणपती माजघरात, आणि भजनाला मधल्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसे बसतील. ही सोय सासूबाईंनी सुचवली, आम्हा कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

शोषखड्डा आधी दक्षिणेच्या कोपऱ्यात दाखवला होता, बरोबर विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर. संडास उत्तरेला नेला आणि खड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या पलीकडे गेला. उतारावर पाणी कुठून कुठे जाणार हे आधी बघायला हवे, मग ते विहिरीचे असो की संडासाचे.

छपराचेही तसेच. कौलारू छपराचा अर्धा भाग रस्त्याकडे उतरतो. ती बाजू पन्नास फूट लांब आणि पागोळ्यांपर्यंत चौदा फूट धरली, तर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर, आणि जुलैत आमच्याकडे ते नवल नाही, साडेसहा हजार लिटर पाणी घर आणि चढ यांच्यामध्ये पडते. म्हणून त्या बाजूला पन्हळ घेतला आणि रस्त्यालगत चर मारून पाणी उत्तरेच्या हद्दीने पऱ्याला सोडले. घर नंतर, चर आधी. यंदाच्या पावसाळ्याआधी फक्त तो चर पुरा केला.

एका नातेवाइकांचा आग्रह होता की वास्तूप्रमाणे जमीन पूर्वेकडे उतरती हवी, तेव्हा पश्चिमेला भराव घालून उंच करा. त्यांचा मान ठेवून सांगते, पऱ्याच्या काठावर दहा फुटांहून उंच भराव घालून त्याच्या आधाराने राहण्याची माझी तयारी नाही.

आमच्या जुन्या घरात खळ्यातून पडवीला दोन पायऱ्या, पडवीतून ओटीला एक, ओटीतून माजघराला एक. लहानपणी माझ्या माहेरीही असेच होते, आणि मला वाटायचे हा घरांचा मानपान आहे. आता खाकी कागदावर जुन्या घराची रेघ काढली, तर ती जवळजवळ जमिनीच्या रेघेवरून चालते. मागची भिंत तेवढी चढाला टेकवलेली, आणि तीच दर पावसाळ्यात ओल धरते. नव्या घरात तिथे चार फूट मोकळे सोडले आहेत.

संपादक महोदय, माझी एकच विनंती आहे. घरांचे नकाशे छापाल तेव्हा निदान काही उताराच्या जागेचे असू द्या, आणि प्रत्येकाशेजारी जमिनीची रेघ दाखवणारा उभा छेद द्या. कोकणात, घाटमाथ्यावर, मावळात घर बांधणाऱ्या कितीतरी जणांना तसे चित्र मागता येते हेच माहीत नसते. मला माहीत नव्हते. माहीत असते तर मेमध्ये तो जेसीबी आला नसता.

आपली,
एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी