करंगळीचं तेवढं दाखवून घे

मिरज,
रविवार, रात्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या गिटारच्या रिसायटलचं पत्रक आईच्या फोनवर आलं. मी ते स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणलं आणि बाहेरच्या खोलीत कपाटाच्या दाराला चिकटवलं. येणारा-जाणारा वाचतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, सीनियर रिसायटल म्हणजे काय? तुझी आई म्हणाली, पदवीच्या शेवटी तासभर सगळ्यांपुढे वाजवायचं, सोबतीला कोण घ्यायचं, काय वाजवायचं, सगळं आपणच ठरवायचं. काकू म्हणाल्या, म्हणजे मैफलच की. हो, मैफलच.

पण पत्र लिहायला बसलो ते त्या कारणानं नाही. परवा फोन ठेवता ठेवता तू आईला म्हणालीस, की रात्री डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात आणि सकाळी उठल्यावर त्या बोटात जोर वाटत नाही. वर, बाबांना सांगू नकोस, असंही म्हणालीस. आईनं पोटात ठेवायचा प्रयत्न केला, पण भाकरी थापताना तिचं लक्ष नव्हतं ते मला दिसलं आणि मी विचारलं. तिच्यावर रागावू नकोस.

एवढंच लिहितो, की दाखवून घे. बाकी पत्र कार्यक्रमाबद्दल.

तू निवडलेल्या चिजा मी एकेक करून ऐकल्या. सुरुवातीला जॅझ गिटारवाला वेस मॉन्टगोमेरी ठेवलास ते फार आवडलं. हा माणूस इंडियानापोलिसमध्ये दिवसा कामावर जायचा, रात्री क्लबात वाजवायचा आणि मधल्या वेळात घरी सराव करायचा. आवाजाचा त्रास नको म्हणून तार छेडायची पट्टी, म्हणजे पिक, बाजूला ठेवून अंगठ्यानं वाजवायला लागला, त्यातून तो गोलसर, मऊ आवाज निघाला. नोटेशन वाचता यायचं नाही, तरी १९६८ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा जगभरचे गिटारवाले त्याची नक्कल करत होते. आणि ते त्याचं सप्तकांत वाजवणं! एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम, मधली तार दाबून गप्प ठेवायची. मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलं. वरच्या तारांवर गेलं की पहिलं बोट एका पडद्यावर आणि करंगळी तीन पडदे पुढे. संपूर्ण ताण करंगळीवर. तू हे रोज किती तास करतेस?

आलोच परत तिथे.

बरं, आता आलोय तर बोलून घेतो. काल आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. त्यांनी विचारलं, मुंग्या नेमक्या कुठे? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू असेल, तर कोपराच्या आतल्या हाडामागून जाते ती नस. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात तीच. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर ती मनगटातली, वेगळी. गिटार वाजवताना डावं कोपर तासन् तास दुमडलेलं असतं आणि तुला तर लहानपणापासून हात उशीखाली दुमडून झोपायची सवय. दुमडलेल्या कोपरात ती नस ताणली जाते. लवकर लक्ष दिलं तर बहुतेक वेळा रात्री कोपर सरळ राहील असं काही बांधून आणि सराव कमी करून भागतं, असं ते म्हणाले. उशीर झाला की हाताचे बारीक स्नायू रोडावतात आणि ते पहिल्यासारखे होतीलच असं नाही. शेवटचं वाक्य मी तुला सांगणार नव्हतो. पण तू आता मोठी आहेस, सांगितलेलं बरं.

तू म्हणशील, बाबा, तो गिटारवाला जँगो राइनहार्ट. मला माहीत आहे तू हेच म्हणशील, कारण त्याचं चित्र तुझ्या इथल्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, कायमची अधू झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर त्यानं युरोप जिंकला. खरं आहे. पण त्यानं ती बोटं आपण होऊन दिली नव्हती गं. तुझ्या कॅम्पसवर दवाखाना आहे, विमा आपण पहिल्या वर्षापासून भरतोय. नानाकाकांची पेटी माळ्यावर का पडून आहे हे तुला ठाऊक आहे. त्यांनाही सगळे म्हणायचे, होईल कमी.

हे व्याख्यान झालं. माफ कर. तू माझ्यापेक्षा तुझा हात जास्त ओळखतेस.

चार्ली ख्रिश्चनची चीज घेतलीस ते वाचून मी नकाशा काढून बसलो. तो मूळचा बोनहॅमचा, १९१६ चा जन्म. तुझ्या डेंटनपासून ईशान्येला, टेक्सासच्याच उत्तर भागात. पुढे ओक्लाहोमा सिटीत वाढला. त्याच्याआधी जॅझच्या बँडमध्ये गिटार म्हणजे बहुतेक मागे बसून ठेका भरणारं वाद्य. १९३९ मध्ये तो वीज जोडलेली गिटार घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीनं उभा राहून एकेरी सुरांत बोलू लागला. आणि १९४२ च्या मार्चमध्ये संपला. क्षयानं. वय पंचवीस. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला आणखी एक वर्ष होतं.

तुला आठवतं का, वानलेसवाडीवरून जाताना आजी नेहमी हात जोडायची? तिथलं क्षयाचं सॅनेटोरियम १९२० सालचं, डॉ. वानलेसांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल काढलं त्यानंतरचं. लांबलांबून माणसं यायची. आजीच्या थोरल्या भावाला तिथेच ठेवलं होतं. ती सांगायची, त्याचा गळा इतका गोड होता की वॉर्डातले लोक रात्री भजन म्हणायला लावायचे, आणि तो खोकत खोकत म्हणायचा, कारण नाही म्हणायला त्याला लाज वाटायची. चार्ली ख्रिश्चनचं वाचताना मला तेच दिसत होतं. त्यांच्याकडे औषध नव्हतं. तुझ्याकडे सगळं आहे.

आता तुझ्या ब्लूजबद्दल. मागे पाठवलेलं ते बी फ्लॅटमधलं बारा बारच्या चक्राचं रेकॉर्डिंग मी रोज ऐकतो, सकाळी फिरायला जाताना. सुरुवातीला मला वाटायचं, हे चक्र सारखं तेच तेच काय. मग लक्षात आलं, आपल्याकडे ठेका धरून ठेवतात आणि वर गायक हवं ते करतो, तसं हे. आणि तो एक सूर तू ओढतेस, दुसऱ्या चक्राच्या सुरुवातीला. कोमल गांधार म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. तिथे तू थांबतेस. दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली बसून लहानपणापासून जे कानावर पडलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्याचं, सुरावर थांबायचं, घाई करायची नाही, ते तुझ्या त्या ओढलेल्या तारेत मला ऐकू येतं. तुझ्या सरांना ते कुठून आलं हे कळणार नाही. मला कळतं. मी त्या दिवशी गणेश तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिलो, घरी यायला उशीर झाला.

आणि तार ओढायलाही जोर लागतो.

म्हणून एक सुचवतो, पटलं तर घे. तू सध्या बारा नंबरच्या जाड तारा लावतेस असं मागे म्हणाली होतीस, जॅझला जाड तारेचा आवाज भरीव येतो म्हणून. कार्यक्रमापुरत्या दहा नंबरच्या, पातळ, लावून बघ. तुझ्याच टेक्सासच्या गिटारवाल्या बिली गिबन्सनं सांगितलंय, की ब्लूजवाल्या बी. बी. किंगनं त्याची गिटार हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, एवढ्या जाड तारांवर कष्ट कशाला करतोस? किंगसारख्या माणसाला पातळ तार चालत होती.

तारेवरून ते आठवलं. कोल्हापूरहून आणलेली तुझी पहिली गिटार. तारा पडद्यांपासून इतक्या उंच की दाबता दाबता तुझ्या बोटांना चरे पडले, आणि तू आईला दिसू नये म्हणून जेवताना डावा हात मांडीवर ठेवायचीस. लपवायची सवय तेव्हापासूनची. रेल्वे क्वार्टर्समधले आपले गार्डकाका, गोव्याचे, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले हिला सतारमेकर गल्लीत घेऊन जा. तिथल्या सतार बनवणाऱ्या चाचांनी आयुष्यात गिटारला हात लावला नव्हता. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात आडवी धरून एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मग खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचा बारीक कानशीनं घासायला घेतल्या. दोन-चार हात फिरवायचे, तार खाचेत बसवायची, पहिल्या पडद्यावर नखानं दाबायची, छेडून कान लावायचा, परत काढायची. सतारीची जवारी काढतात तसंच. दुकानभर हाडाची भुकटी आणि पंढरपूरकडच्या भोपळ्यांचा वास. मधूनच ते कानस खाली ठेवून हात मांडीवर पालथा टाकून बसायचे. तू विचारलंस, दमलात का? ते म्हणाले, नाही बेटा, दमायच्या आधी बसतो. पैसे घेतले नाहीत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी चाचांकडे पेढे घेऊन गेलो होतो, त्यांनी पहिला प्रश्न तुझाच विचारला.

आणि अमान्सिओ डिसिल्वाची रचना तू घेतलीस हे गार्डकाकांना कळायला हवं होतं. गोव्याचा वंश, मुंबईत १९३६ चा जन्म, लंडनला जाऊन १९६९ साली सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर रेकॉर्ड काढणारा गिटारवाला. आपल्या अंगणात खुर्ची टाकून काका हेच पुन्हा पुन्हा सांगायचे आणि तू फ्रॉकात मांडी घालून ऐकायचीस. डेंटनच्या विद्यापीठात, जिथे १९४७ साली अमेरिकेतली जॅझची पहिली पदवी सुरू झाली, तिथे तू त्याचं नाव पत्रकावर छापलंस. शेवटी स्टीव्ही वंडरचं गाणं ठेवलंस तेही योग्य. माणसं गुणगुणत घरी जातील.

लोक मला विचारतात, पुढे काय करणार मुलगी? शिकवेल, वाजवेल, स्टुडिओत काम करेल, नाहीतर परत येईल. मला त्याची चिंता नाही, खरंच नाही. मी फक्त हाताकडे बघतो.

तुझ्याकडचे शनिवार संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे रविवार पहाटेचे साडेचार. आम्ही सगळे उठणार आहोत. मावशी आदल्या रात्रीच सांगलीहून येते आहे. तुझ्या आईनं टीव्हीला फोन जोडून बघायची रंगीत तालीम दोनदा करून घेतली.

आता मनातलं लिहून टाकतो. डॉक्टर म्हणाले थांब, तर थांब. कार्यक्रम पुढच्या सत्रात ढकलता येत असेल तर ढकल. जास्तीची फी लागली तर माझ्याकडे फंडातले पैसे आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. पत्रक दारावर लावलंय म्हणून मनावर घेऊ नकोस, तारीख खोडून नवी लिहीन. आणि डॉक्टर म्हणाले वाजव, तर मी पुन्हा या विषयावर एक शब्द बोलणार नाही. तिथे गेल्यावर ही तीन वाक्यं नक्की सांग: मुंग्या रात्री येतात, सकाळी जोर कमी वाटतो, आणि मी रोज इतके तास गिटार वाजवते. तास खरे सांग. आईला सांगतेस तेवढे नको.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते मला कळव, आईला नको. तिला मी सांगेन.

तुझे
बाबा

ता. क. तारांच्या दोन सेटचे आणि डॉक्टरच्या फीचे पैसे उद्या बँक उघडली की पाठवतो. आईनं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर कळव. आधी डॉक्टर, मग तारा.