तुमच्या तीन बोटांचे आभार

आदरणीय आरोग्यसेविका ताईंनो,

१९९८ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या, तपासलेल्या आणि न तपासलेल्या अशा दोन गटांत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. स्तनांची तपासणी होती ती तुमच्या हातांनी केलेली, दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या. तुम्ही डॉक्टर नव्हता, परिचारिकाही नव्हता. शिकवलेले काम चोख करणाऱ्या वस्तीपातळीवरच्या सेविका होता. या कामाचे फळ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अभ्यासाचे प्रमुख डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नावे सगळीकडे आली. तुमची आली नाहीत, म्हणून हे पत्र.

तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, म्हणजे बरेच पुढे गेल्यावर, सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते. न तपासलेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, हेही सांगायलाच हवे. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार स्त्रियांना स्वतःची तपासणी स्वतः करायला शिकवले होते. तिथे मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्स्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या) मात्र वाढल्या. आपल्या स्तनांची ओळख प्रत्येकीला असावीच, पण शिकलेल्या हाताची जागा ती घेत नाही. म्हणून तुमच्या हाताचे मोल आम्हाला इतके वाटते.

हा हात चालतो कसा, हे वाचणाऱ्यांनाही कळू दे. आधी फक्त पाहायचे: हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर उचलून. एखाद्या जागी कातडी आत ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते का, स्तनाग्र नव्याने आत वळले आहे का. मग बाईला झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायचा. स्तन मोठा असेल तर खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवायची, म्हणजे तो छातीवर सपाट पसरतो. मधल्या तीन बोटांची टोके वापरायची नाहीत, पेरांचा मऊ भाग टेकवायचा. प्रत्येक जागी लहान गोल फिरवत तीनदा दाबायचे: हलके, मध्यम, आणि मग बरगडी लागेपर्यंत. काखेच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, नांगराच्या तासांसारखे एकमेकांना लागून उभे पट्टे. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा.

चूक होते ती घाईत. बोटे उचलून पुढे टेकवली की मधली जागा सुटते; एकाच दाबाने तपासले की खोलवरची गाठ हाताला लागत नाही; आणि काखेकडचा वरचा भाग, जिथे सर्वाधिक कर्करोग सापडतात, तोच अर्धवट राहतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्तन भरलेले, गुठळ्यांचे लागतात, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याभराने तपासणे बरे. पाळी गेलेल्या बाईला कोणताही दिवस चालतो.

सर्वात जास्त आभार मात्र गाठ हाताला लागल्यानंतरच्या कामाचे. "दुखत नाही, मग कशाला दाखवू?" याला उत्तर देणे सोपे नसते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखण्याची वाट पाहण्यातच महिने जातात. सुई टोचली की रोग पसरतो, ही भीती तर घराघरात आहे. ती खरी नाही. गाठीचे निदान हाताची तपासणी, चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी आणि पुढे मॅमोग्राफी (स्तनांचा क्ष-किरण फोटो), आणि गरज पडल्यास जाड सुईची बायोप्सी, या तिन्हींचा मेळ घालून होते. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, कारण त्याचे कण फिल्मवर संशयास्पद ठिपक्यांसारखे उमटू शकतात. फोटो स्वच्छ आला तरी हाताला लागणारी गाठ तशीच सोडून द्यायची नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे तुम्ही बाईला सांगायचा, पण तपासणीला जाण्यातून तिला सूट द्यायचा नाही. हे दोन्ही एका दमात सांगता येणे हे मोठे कसब आहे.

सरकारी कार्यक्रमात आज तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव, आकारातला बदल हे प्रश्न आशाताई घरी येऊन फॉर्मवर विचारतात. ताई विचारतील तेव्हा उंबऱ्यावरूनच "काही नाही" म्हणून परत पाठवू नका, एवढे वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगणे आहे. आणि ताईंनो, ज्या केंद्रावर तुम्हाला पडदा, खाट आणि पुरेसा वेळ मिळत नाही, तिथे तो मिळावा म्हणून आम्ही तुमच्या बाजूने बोलत राहू.

तुमचे ऋणी,
स्तनांच्या आजारांवर काम करणारे आम्ही सर्व