घसरलेल्या इम्प्लांटची नोंद कोण ठेवणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पाच वर्षांपूर्वी मी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतली. स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या पैशाने. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना बहुतेकांच्या मनात "मग करायला कोणी सांगितलं होतं?" हा प्रश्न येतो, आणि तो आला की ऐकणं थांबतं. घरच्यांनी तो तोंडावर विचारला. तक्रार नोंदवायला गेले तिथल्या बाईंच्या चेहऱ्यावर तो दिसला. आपल्याही मनात येईल, पण पत्र कृपया शेवटपर्यंत वाचा.

शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला इम्प्लांट (स्तनात बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशव्या) वर चढल्यासारखी दिसतात. छाती घट्ट असते, सूज असते. स्नायू सैलावला, सूज उतरली की ती हळूहळू खाली येऊन जागेवर बसतात, त्याला काही महिने लागतात. एवढं मला सांगितलं होतं. हे खाली येणं कधीकधी थांबतच नाही, हे मात्र सांगितलं नव्हतं. माझं उजवं इम्प्लांट थांबलं. डावं येतच राहिलं.

रात्री उताणी झोपले की डावं इम्प्लांट काखेकडे जायचं. हात अंगाशी घेतला की दंडाला लागायचं. तळहाताने ते आत ढकलायचं, बाजूला उशी दाबायची आणि मग डोळे मिटायचे, अशी सवयच लागली. आरशात बघावं तर स्तनाग्र वर वळलेलं, खालचा भाग पोटाकडे उतरलेला. जो व्रण स्तनाखालच्या घडीत लपायला हवा होता, तो स्तनावरच उघडा दिसायला लागला होता. कपड्यांची मापं घ्यायची टेप घेऊन मी स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर मोजलं आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवलं. उजवीकडे साडेआठ सेंटिमीटर, डावीकडे दहा. चार महिन्यांनी उजवीकडे तेवढंच, डावीकडे साडेअकरा. ही वही घेऊन मी माझ्या सर्जनकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच होतं : "सेटल होईल, थोडं थांबा." तिसऱ्या वेळी शस्त्रक्रियेला दीड वर्ष उलटून गेलं होतं.

असं का होतं, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. इम्प्लांट ठेवायला सर्जन ऊतींमध्ये एक कप्पा तयार करतो. शरीर त्या परक्या वस्तूभोवती स्वतःचं पातळ आवरण विणतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. कप्पा गरजेपेक्षा मोठा झाला, स्तनाखालच्या घडीचा आधार शस्त्रक्रियेत सुटला, इम्प्लांट जड आणि वरची त्वचा पातळ असली, की वजन खाली ओढत राहतं आणि आवरणही त्याबरोबर ताणलं जातं. बाहेरच्या बाजूला कप्पा जास्त उघडला गेला तर इम्प्लांट काखेकडे जातं. छातीच्या हाडाजवळचा स्नायू जास्त कापला गेला तर दोन्ही इम्प्लांट मधे सरकतात आणि दोन स्तनांमधली जागाच नाहीशी होते. थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट आतल्या आत फिरलं तर स्तनाचा आकारच बदलतो. आणि आवरण आक्रसलं तर उलट ते वर ढकललं जातं, घट्ट होतं, दुखतं. म्हणजे कारणं अनेक. काही शरीराची, काही वस्तूच्या निवडीची, काही सर्जनच्या हाताची. यातलं माझ्या बाबतीत कुठलं, हे ठरवायला माहिती लागते.

मी हे पत्र लिहायला बसले ते या माहितीसाठीच. दुसऱ्या डॉक्टरांनी मला साधे प्रश्न विचारले. इम्प्लांट कुठल्या कंपनीचं? किती सीसीचं, म्हणजे किती आकारमानाचं? गुळगुळीत की खरबरीत? स्नायूच्या वर की खाली? दोन्ही बाजूंना एकच माप की वेगवेगळं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. माझ्या फाइलमधल्या कागदावर शस्त्रक्रियेचं नाव होतं, तारीख होती आणि रुग्णाची प्रकृती समाधानकारक असल्याचा शेरा होता. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात अनुक्रमांक आणि लॉट नंबर छापलेली स्टिकर्स असतात. एक रुग्णाच्या फाइलला लावायचं, एक रुग्णाच्या हातात द्यायचं." माझ्या हातात ते कधी आलंच नाही. पहिल्या रुग्णालयाकडे लेखी मागितलं, तर जुनं रेकॉर्ड सापडत नाही असं सांगितलं. माझ्या शरीरात काय आहे हे मला कळायला पोटापाण्याच्या कामातून चार महिने आणि एक शस्त्रक्रिया खर्च करावी लागली.

ती शस्त्रक्रिया सोपी नव्हती. आवरण उघडून, जास्तीचा कप्पा आतून टाके घालून बंद केला, घडी पुन्हा बरगड्यांशी शिवून घेतली आणि आधीपेक्षा लहान इम्प्लांट बसवली. काही जणींना आतून जाळीचा किंवा प्रक्रिया केलेल्या त्वचेचा आधार द्यावा लागतो, काहींना सगळा कप्पाच नवीन करावा लागतो. इतकं करूनही ते पुन्हा घसरणार नाही याची हमी कोणी देत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनीही दिली नाही. त्यांनी हे आधी स्पष्ट सांगितलं म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मंत्रिमहोदय, सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट 1962 साली बसवलं गेलं. साठ वर्षं उलटून गेली. तरीही आपल्याकडे घसरलेलं इम्प्लांट सहसा कुठे लिहिलं जात नाही. कोणी दगावत नाही, ताप येत नाही, अतिदक्षता विभागात जावं लागत नाही. म्हणून त्याला गुंतागुंत न म्हणता "रुग्णाचं समाधान झालं नाही" असं म्हटलं जातं. बाई गप्प बसते, कारण बोलायचं म्हणजे आधी शस्त्रक्रिया केल्याचं सांगणं आलं. दुसरा डॉक्टर दुरुस्ती करतो, पहिल्याला कळतही नाही. असं असेल तर पहिल्याचा हात सुधारणार कसा?

नोंद नसली की काय होतं ते जगाने एकदा पाहिलं आहे. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय वापरासाठी मान्यता नसलेलं औद्योगिक सिलिकॉन इम्प्लांटमध्ये भरलं होतं. 2010 मध्ये ते उघडकीस आलं, 2013 मध्ये कंपनीच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तोवर ही इम्प्लांट अनेक देशांतल्या लाखो स्त्रियांच्या शरीरात होती, आणि नेमकी कोणाच्या, हे शोधता शोधता आरोग्ययंत्रणांच्या नाकी नऊ आले. त्यातूनच ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सने 2015 मध्ये, इंग्लंडने 2016 मध्ये इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुन्हा शस्त्रक्रिया का करावी लागली याचं कारण ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत लिहावं लागतं, आणि त्या कारणांत इम्प्लांट जागेवरून हलणं हे वेगळं धरलेलं आहे. तो रकाना मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. माझ्या त्रासाला कुठेतरी एक नाव होतं.

या नोंदीची गरज आता आणखी वाढली आहे. खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आजूबाजूच्या ऊतींना धरून राहतात, गुळगुळीत त्यामानाने जास्त हलतात. पण 2019 मध्ये खरबरीत इम्प्लांटशी जोडलेल्या एका दुर्मीळ लिम्फोमामुळे (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगामुळे) अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली आणि अनेक सर्जन गुळगुळीतकडे वळले. कर्करोगाचा धोका टाळणं योग्यच होतं. मात्र त्या बदलामुळे घसरण्याचं प्रमाण वाढलं का, कुठल्या मापात, कुठल्या कप्प्यात, हे मोजल्याशिवाय कसं समजणार? आज निवड करणाऱ्या मुलीला तिचा डॉक्टर स्वतःच्या अनुभवापलीकडे काय सांगू शकतो?

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. बसवलेलं, बदललेलं आणि काढलेलं प्रत्येक इम्प्लांट राष्ट्रीय नोंदवहीत लिहिणं सक्तीचं करा, सरकारी असो वा खाजगी रुग्णालय. दुरुस्तीची शस्त्रक्रिया झाली तर तिचं कारण लिहायला लावा, आणि त्यात इम्प्लांट हलणं, फिरणं, खाली उतरणं यासाठी वेगळी जागा ठेवा. स्त्रीचं नाव गुप्त राहिलं पाहिजे, हे तर ओघाने आलंच.

त्यासोबत स्टिकर रुग्णाच्या हाती दिल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये. आणि संमतीपत्र. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये इम्प्लांटवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णासोबत एक तपशीलवार यादी वाचून त्यावर सही घेणं बंधनकारक केलं. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही हेही त्यात स्पष्ट आहे. मी सही केली ती शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, हाताला सलाइनची सुई लावलेली असताना, मला धड न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर. ती सही किमान आठवडाभर आधी, रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत, घरी नेऊन वाचायला दिलेल्या कागदावर व्हायला हवी.

दुरुस्तीनंतर डॉक्टरांनी माझी जुनी इम्प्लांट मला दाखवली. मागच्या बाजूला कंपनीचं चिन्ह आणि आकडे उठावात होते. डावं उजव्यापेक्षा तीस सीसीने मोठं होतं. हे मला कोणीही, कधीही सांगितलं नव्हतं. ते आकडे मी त्याच वहीत लिहून घेतले, सेंटिमीटरच्या मापांखाली. आपली नोंदवही सुरू होईल त्या दिवशी ही वही घेऊन मी आपल्या कार्यालयात यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक रुग्ण