आईसमोर तो विषय काढू नकोस

चि. अमेय यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रागाच्या भरात म्हणालास की, नुसती गाठ न काढता माझे सबंध मूत्रपिंडच काढून टाकले असते तर हा रक्तस्राव झालाच नसता. ते आईच्या कानी पडले. संमतिपत्रावर माझ्या सहीखाली तिचीही सही आहे, त्यामुळे त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. मूत्रपिंडाची धमनी 19 मिनिटे चिमट्याने बंद ठेवून साडेतीन सेंटिमीटरची गाठ काढली, उरलेला भाग टाक्यांनी सांधला आणि पाचव्या दिवशी मला घरी सोडले. बाराव्या दिवशी पहाटे लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल झाली. दुखत काहीच नव्हते, म्हणून मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि आईला उठवले नाही. ती चूक सर्वस्वी माझी. नऊ वाजेपर्यंत रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी तुंबली, ओटीपोट दगडासारखे झाले, आणि साताऱ्याहून पुण्याला नेईपर्यंत मला दरदरून घाम सुटला होता.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहते. गाठ कापताना धमनीच्या एखाद्या बारीक फांदीला इजा होते, ती टाक्याने आणि गुठळीने तात्पुरती बुजते. पण पुढे ती गुठळी विरघळू लागली की त्या जागी रक्ताचा फुगवटा तयार होतो, आणि तो मूत्रमार्गात फुटला की असा रक्तस्राव होतो. त्या फुगवट्याला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. तो मोजक्याच रुग्णांत होतो, मात्र बहुधा घरी परतल्यावर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतो. हे आम्हाला आधी सांगितलेले होते. घरी आल्यावर आपण सुटलो असे मानून मी ते विसरलो.

दोन पिशव्या रक्त चढवले, मूत्राशय नळीने धुऊन गुठळ्या काढल्या आणि रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी केली. नंतर फक्त जांघेची जागा बधिर करून तिथल्या धमनीतून बारीक नळी वर नेली. मी शुद्धीवर होतो. पडद्यावर माझे मूत्रपिंड निष्पर्ण झाडासारखे दिसत होते आणि एका डहाळीच्या टोकाला शाईचा डाग पसरत होता. त्या डहाळीत केसासारख्या तारेची वेटोळी सोडली. रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध पुन्हा सोडले तेव्हा झाड तसेच होते, डाग मात्र नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी फिकी गुलाबी, आणि मग स्वच्छ झाली.

आता तुझ्या म्हणण्याविषयी. मला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. दुसरे मूत्रपिंड किती वर्षे साथ देईल याची खात्री कोणी द्यावी? एवढ्या लहान गाठीसाठी ते सबंध गमावले असते, तर पुढे डायलिसिसची भीती कायम उशाशी राहिली असती. रक्तस्राव थांबवताना केवळ एक डहाळी गेली, बाकीचे मूत्रपिंड शाबूत आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे कालचे क्रिएटिनिन 1.2, म्हणजे सामान्य मर्यादेत, आले. त्या सहीने तुझ्या आईने हे राखले आहे.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी तिच्याशी बोल, आणि हा आकडा तिला तूच सांग.

तुझा,
बाबा