आधी पाण्याचा हिशेब, मग पर्यटकांचा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

2024 मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले, हे भाषणांतून आणि बातम्यांतून इतक्या वेळा कानावर पडले की आता पाठ झाले आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. म्हणजे घरच्या एका माणसामागे वर्षाला सात पाहुणे. आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो, म्हणून मीही पाण्यापासूनच सुरुवात करते.

मी मांद्रेत राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला एकतीस वर्षे झाली. घराच्या मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, विहीर आहे आणि समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या हयातीत ही विहीर मे महिन्यातही कधी आटली नाही की खारटली नाही. गणेश चवथीचे सोवळ्यातले पाणी शेजारची चार घरे आमच्याकडूनच नेत. गेले तीन उन्हाळे एप्रिल लागला की या पाण्याचा चहा नासतो. दूध घातले की फुटलेच. जी तूरडाळ तीन शिट्ट्यांत मऊ व्हायची, ती सहा शिट्ट्या देऊनही दाताखाली येते. तांब्याची कळशी उन्हात वाळवली की आत पांढरा थर धरतो. पाडेली नारळ काढायला येतो, तोही म्हणतो की विहिरीजवळच्या माडांची फळे बारीक झाली.

यात गूढ काही नाही. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे फार उपसले की खालचे वर येते आणि समुद्राचे आत सरकते. आमच्या मागच्या डोंगरउतारावर गेल्या काही वर्षांत व्हिला उभे राहिले आणि बहुतेकांना स्वतःचा तरणतलाव आहे. पहाटे साडेपाचला त्यांचे पंप सुरू होतात, ते आम्हाला अंथरुणातून ऐकू येतात. पंपाने भागले नाही की टँकर येतो. टँकरचे पाणीसुद्धा आतल्या कुठल्यातरी गावाच्या विहिरीतलेच. नळाचे म्हणाल तर आमच्या पेडणे तालुक्याला चांदेलच्या प्रकल्पातून पाणी येते. तिकडे तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की इकडे आम्ही बादल्या मांडून बसतो. त्या दिवशीही तलाव मात्र निळेशार भरलेले असतात.

गोव्यात भूजल नियमनाचा कायदा 2002 पासून आहे. विहीर किंवा कूपनलिका खोदायला परवानगी लागते, टँकरने पाणी वाहून न्यायलाही लागते. कायदा चांगला आहे. पण आमच्या वाड्यावर कुणी मीटर पाहायला आल्याचे मला एकतीस वर्षांत आठवत नाही.

हे लिहिते आहे म्हणून मी पर्यटनाच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. आमच्या घराला लागून चार खोल्या आहेत, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदलेल्या. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्या खोल्यांच्या भाड्यावर झाले. शॅक (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी), टॅक्सी, भाड्याच्या दुचाक्या, कपडे धुणे, मासळी पुरवणे यांवर आमच्या गावातल्या कितीतरी चुली पेटतात. खाणी बंद पडल्या तेव्हा आतल्या तालुक्यांची काय अवस्था झाली ते आपण पाहिले. किनाऱ्याला निदान हा आधार होता.

पण या खोल्यांबाबतच एक गोष्ट मला डाचते. त्यांतल्या एका खोलीत सत्तरी तालुक्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका सहा वर्षे महिन्याच्या भाड्याने राहिल्या. संध्याकाळी वाड्यावरची पोरे त्यांच्या पायरीवर पाढे म्हणत. मोपाच्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीत विमाने उतरू लागली आणि आम्ही त्यांना खोली सोडायला सांगितले. महिन्याचे भाडे सीझनमध्ये तीन दिवसांत सुटत होते. त्या काही बोलल्या नाहीत. आता म्हापशाहून दोन बसेस बदलून येतात आणि शाळा सुटली की धावत बस गाठतात. पायरीवर पाढे म्हणणारे कुणी नाही. आम्ही एकट्यानेच हे केले नाही, गावातल्या बहुतेक घरांनी केले. त्यामुळे आज आमच्याकडे पंचायतीचा सचिव, परिचारिका, नव्याने लग्न झालेले गावचेच जोडपे, कुणालाही परवडेल अशी खोली मिळत नाही. ही चूक माझीही आहे आणि ती मला मान्य आहे.

आमच्या सासऱ्यांच्या पिढीने पर्यटन स्वीकारले ते वेगळ्या तऱ्हेने. पावसाळ्यात सरद शेती, चवथीनंतर कापणी, भात घरात आले की शॅकचे बांबू बाहेर काढायचे. मे अखेर शॅक मोडायचा आणि पुन्हा नांगर. सीझन वाईट गेला तरी घरात तांदूळ असे, आणि शेत बुडाले तर सीझन हात देई. दोन्ही पायांवर उभे असलेले घर सहजासहजी पडत नव्हते. आता शेत पडीक आहे, उतारावरची काजूची बाग विकली गेली आहे आणि आलेल्या पैशांत दोन गाड्या घेतल्या आहेत, त्याही हप्त्यांवर. जून ते सप्टेंबर तरुण पोरे नाक्यावर बसून असतात. माझा भाचा त्यांतलाच एक. ज्या उतारावर त्याचे आजोबा काजू वेचत, तिथल्या व्हिलात तो पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. कष्टाचे काम आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण मालकाचा नोकर व्हायला एक पिढीसुद्धा लागली नाही, याचे वाईट वाटते.

शॅकमध्ये आणि बांधकामांवर राबणारी ओडिशा, झारखंड, नेपाळची मुले एकेका खोलीत आठ-दहा जण राहतात. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की काही जण त्यांच्यावर घसरतात. दिवसाला दोन बादल्या वापरणाऱ्या पोरांनी आमची विहीर खारट केलेली नाही.

जमिनीचे रूपांतर ज्या कलमांखाली होते त्यांवर आपल्या पत्रात बरेच छापून येते. नगरनियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द केले, 2024 मध्ये आलेल्या 39अ कलमाविरुद्धही लोक बोलत आहेत. ते कायदे जाणकारांनी लढवावेत. माझे मागणे साधे आहे. कुठल्याही नव्या प्रकल्पाला ना हरकत दाखला देण्यापूर्वी पंचायतीने विचारावे की एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणणार, किती आणणार, आणि ते उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. दर उन्हाळ्यात किनारी गावांतल्या विहिरींच्या पाण्याचा खारटपणा तपासून पंचायतीच्या फलकावर लावावा. तरणतलाव भरायला टँकर आला तर तो कुठल्या विहिरीवर भरला, याची नोंद मागावी. कायदा आहेच, त्यात नवे काही घालायचे नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. पर्यटकांचे आकडे आपण दरवर्षी ठळक छापता. येत्या एप्रिलमध्ये आपला वार्ताहर केरीपासून मोरजीपर्यंतच्या विहिरींवर पाठवा आणि त्या आकड्यांशेजारी तेही छापा. आमच्याकडे तो आला तर मी त्याला विहिरीच्याच पाण्याचा चहा करून दाखवीन.

आपली नम्र,
एक वाचक, मांद्रे-पेडणे