तो कौल शाळांवरचा होता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या भारतीय मतदारांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. तिथले भारतीय आता रिपब्लिकन पक्षाकडे सरकू लागलेत आणि मायदेशातलं राजकारणच त्यांनी सोबत नेलंय, असा लेखाचा एकंदर सूर आहे. पुराव्यादाखल व्हर्जिनिया राज्याची 2021 ची गव्हर्नरपदाची निवडणूक दिली आहे. मी त्याच राज्यातल्या, वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांत मोडणाऱ्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहते, तिथली मतदार आहे, आणि त्या निवडणुकीत मी रिपब्लिकन उमेदवार ग्लेन यंगकिन यांना मत दिलं. आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या बायडन यांना दिलं होतं. म्हणजे लेखात ज्या ‘वळलेल्या’ मतदाराबद्दल लिहिलंय, त्यात माझीही गणना होते. पण ते वर्णन वाचून मला स्वतःची ओळख पटली नाही, म्हणून हे पत्र.

आधी आकडे, कारण लेखात तिथेच घोळ आहे. 2020 मध्ये बायडन यांनी व्हर्जिनिया दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. वर्षभरात, 2 नोव्हेंबर 2021 ला, यंगकिन जेमतेम दोन टक्क्यांनी निवडून आले. सुमारे 33 लाख मतं पडली आणि फरक होता 63 हजारांच्या आसपास. लाउडनने या निवडणुकीत बाजू बदलली असं लेखात ठामपणे म्हटलंय. तसं काही झालं नाही. लाउडनमध्ये यंगकिन हरले. बायडन यांना इथे सुमारे 25 टक्क्यांची आघाडी होती, डेमोक्रॅट उमेदवार टेरी मॅकॉलिफ यांना 11 टक्क्यांची मिळाली, एवढंच. मात्र हे ‘एवढंच’ राज्यभरच्या उपनगरांत घडलं आणि त्याने निकाल फिरवला. दुसरीकडे राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात, ली आणि टॅझवेलसारख्या काउंट्यांनी यंगकिन यांना 80 टक्क्यांच्या वर मतं दिली. तो मतदार मनापासून उजवा आहे: चर्च, बंदूक, गर्भपाताला विरोध, सगळं त्यात आलं. त्याचा आणि माझा उमेदवार एक होता म्हणून आमचे विचारही एक झाले, असं कसं म्हणता येईल?

मग उपनगरांतल्या काठावरच्या मतदाराने असं का केलं? माझं उत्तर एका शब्दात आहे: शाळा.

2020-21 चं बहुतेक शालेय वर्ष इथल्या मुलांनी घरात, पडद्यासमोर काढलं. आजूबाजूच्या खासगी शाळा केव्हाच उघडल्या होत्या. त्याच वर्षी शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीच्या शाळा मंडळाने थॉमस जेफरसन हायस्कूलची प्रवेशपरीक्षा रद्द केली. विज्ञान-तंत्रज्ञानाची ही सरकारी शाळा देशात पहिल्या काहींत गणली जाते आणि आमच्या लाउडनची मुलंही तिथे अर्ज करतात. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे 73 वरून 54 टक्क्यांवर आलं. बदलामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. कृष्णवर्णीय आणि गरीब घरातली मुलं त्या शाळेत नावालाच असायची, आणि शिकवणीवर डॉलर ओतू शकणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये. पण निर्णय झाला तो पालकांना बाजूला ठेवून, आणि विरोध करणाऱ्यांच्या हेतूंवरच शंका घेतली गेली. त्यात राज्याच्या शिक्षण खात्याच्या गणिताच्या आराखड्याने भर घातली. हुशार मुलांसाठीचे पुढचे वर्ग बंद होणार अशी बातमी पसरली. खात्याने इन्कार केला, तोवर उशीर झाला होता. मराठी घरात गणिताला हात लावला की काय होतं, ते आपल्याला मी सांगायला नको! शिवाय लाउडनच्या एका शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण शिक्षण अधिकाऱ्यांनी ज्या तऱ्हेने हाताळलं, त्याने तर विश्वासच उडाला. लाउडनच्या शाळा मंडळाच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालत, आणि ओरडणाऱ्यांत सगळेच काही उजवे नसत.

अशा वातावरणात सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या वादविवादात मॅकॉलिफ म्हणाले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये, असं आपलं मत आहे. संदर्भ ग्रंथालयातल्या पुस्तकांचा होता आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं असमर्थनीय नव्हतं. पण निवडणुकीत संदर्भ कोण पाहतो? यंगकिन यांनी ते वाक्य उचललं आणि पुढचे पाच आठवडे खाली ठेवलं नाही. मॅकॉलिफ उत्तर म्हणून ट्रम्प यांचं नाव घेत राहिले. शाळेचा प्रश्न घेऊन उभ्या असलेल्या आईला ट्रम्पची भीती घातली की ती गप्प बसेल, हा त्यांचा हिशेब. मला त्या प्रचाराचा सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आला: आम्हाला गृहीत धरलं होतं.

आणि यंगकिन गडी हुशार. एका बड्या गुंतवणूक कंपनीचे माजी सहप्रमुख, पण फिरायचे लाल बिनबाह्यांचं जाकीट घालून. ट्रम्प यांचा पाठिंबा त्यांनी घेतला, पण त्यांना प्रचारसभेसाठी राज्यात पाऊल टाकू दिलं नाही. खाणपट्ट्यात एक भाषा, आमच्याकडे दुसरी. गर्भपाताचा विषय आला की शिताफीने दुसरीकडे वळायचे. हे मला दिसत नव्हतं असं नाही. इथला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा प्रत्यक्ष कारभार पाहतो, आणि मला कारभार बदलून हवा होता.

‘मायदेशातलं राजकारण सोबत नेलं’ या मुद्द्याबद्दल एक गोष्ट लेखकाच्या ध्यानातच आलेली दिसत नाही. आमच्याकडच्या मराठी घरांपैकी पुष्कळ जण अजून एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या न संपणाऱ्या रांगेत आहेत. त्यांना मतच नाही. गणेशोत्सवाच्या जेवणात या निवडणुकीवर तावातावाने बोलणाऱ्यांत अशी मंडळी भरपूर होती. त्यांच्या गप्पा ऐकून भारतीय मताचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

निवडून आल्यावर काय झालं, तेही लिहायला हवं. किराणा मालावरचा कर संपवण्याचं यंगकिन यांचं वचन होतं; राज्याचा दीड टक्का गेला, स्थानिक एक टक्का तसाच राहिला. निम्मं-अधिक वचन पाळलं म्हणू. थॉमस जेफरसनचं प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयात पालक जिंकले, मे 2023 मध्ये अपिलात हरले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच नाकारली. गव्हर्नरांच्या हातात तिथे काही नव्हतंच. शपथ घेतली त्याच दिवशी काढलेला पहिला आदेश होता वर्गात वंशभेदाबद्दल शिकवताना येणाऱ्या तथाकथित ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ हटवण्याचा. पाठोपाठ शिक्षकांविरुद्ध तक्रारी पाठवायला एक ई-मेल पत्ता जाहीर झाला. यासाठी मी मत दिलं नव्हतं. पुढे तो पत्ता गाजावाजा न करता बंद पडला, ते बरंच झालं.

2023 मध्ये यंगकिन यांनी पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदीचा मुद्दा घेऊन विधिमंडळाची निवडणूक लढवली. याच उपनगरांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट पक्षाच्या हवाली केली. व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही (असा नियम असलेलं हे देशातलं एकमेव राज्य), त्यामुळे 2025 मध्ये रिपब्लिकन पक्षाने तेव्हाच्या नायब गव्हर्नर विन्सम अर्ल-सिअर्स यांना उभं केलं. जमैकात जन्मलेल्या, अमेरिकेच्या मरीन दलातल्या माजी सैनिक. त्या शाळांवरच बोलत राहिल्या. पण तोवर वॉशिंग्टनमधल्या सरकारी नोकरकपातीने आमच्या भागातली घरंच्या घरं हादरली होती, सरकारी कामकाज ठप्प होतं, आणि सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं होतं. अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर या डेमोक्रॅट उमेदवार सुमारे पंधरा टक्क्यांनी निवडून आल्या. त्यांच्यासोबत नायब गव्हर्नर झाल्या हैदराबादमध्ये जन्मलेल्या गझाला हाश्मी. या वेळी माझंही मत तिकडेच गेलं. लेखकाच्या पद्धतीने पाहिलं तर मी चार वर्षांत उजवी झाले आणि पुन्हा डावी झाले.

स्पॅनबर्गर यांनाही दुसरी सलग संधी नाही, त्यामुळे 2029 मध्ये इथे पुन्हा दोन नवे उमेदवार असतील आणि अमेरिकेतल्या भारतीयांवर पुन्हा लेख येतील. त्या वेळी लेखासोबत काउंटीवार मतांची एक छोटी चौकट जरूर छापावी, एवढी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, लाउडन काउंटी, व्हर्जिनिया