तुओल स्लेंगहून आल्यावर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुझ्या गच्चीवर आपला वाद अर्धाच राहिला. ‘परक्या देशात सैन्य घुसवून तिथली राजवट उलथवायचा हक्क कुणालाच नाही, कधीच नाही,’ असं मी ठासून म्हणालो आणि तू चिडून खाली निघून गेलास. गेल्या महिन्यात कंबोडियाला जाऊन आलो. तेव्हापासून ते ‘कधीच नाही’ घशात अडकलंय, म्हणून हे पत्र.

राजधानी नोम पेन्हमध्ये तुओल स्लेंग आहे. मुळात शाळा, ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीने, तिचा छळतुरुंग केला. वर्गांमध्ये विटा रचून केलेल्या कोठड्या, माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. खाली फरशी मात्र शाळेचीच, चौकटी-चौकटींची. आवारात पोरांच्या कसरतीचा लाकडी खांब आहे, त्याला कैद्यांना उलटं टांगायचे. एका इमारतीच्या व्हरांड्याला वरपासून खालपर्यंत काटेरी तारेची जाळी, कुणी उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. त्या जाळीपाशी मी किती वेळ उभा होतो, मलाच कळलं नाही. आत गेलेल्या हजारोंमधले मूठभरच जिवंत राहिले रे.

हे थांबवलं कुणी? युनोने नाही. २५ डिसेंबर १९७८ला व्हिएतनामने सैन्य घुसवलं आणि ७ जानेवारी १९७९ला नोम पेन्ह पडलं. तोवर पावणेचार वर्षांत जेमतेम ८० लाखांच्या देशातले १५ ते २० लाख लोक उपासमारीने, आजाराने, मारहाणीने गेले होते. व्हिएतनामला काही कणव आली नव्हती. पोल पॉटचे सैनिक सीमा ओलांडून त्यांची गावं कापत होते. एप्रिल १९७८मध्ये बा चुक या एकट्या व्हिएतनामी गावात तीन हजारांवर माणसं मारली. व्हिएतनामी स्वतःचं घर राखायला निघाले होते. पण बेडीत अडकवलेल्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं?

आणि शिक्षा कुणाला? व्हिएतनामला! फेब्रुवारीत चीन त्याच्यावर चालून गेला. युनोतली कंबोडियाची खुर्ची पुढची कित्येक वर्षं पोल पॉटच्याच माणसांकडे राहिली, अमेरिकेच्या मतासकट. याचा मला अजून संताप येतो. आपल्या सरकारने १९८०मध्ये नोम पेन्हमधल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि १९८६पासून आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोर वाटच्या डागडुजीला गेली, तिथली लढाई संपलेली नसताना. वाचून बरं वाटलं.

तर माझं चुकलं, मिलिंद. माणसं डोळ्यांदेखत कापली जात असतील आणि शेजाऱ्यालाही त्याची झळ लागत असेल, तर त्याने जावं.

पण इराकच्या बाबतीत मी तसूभर हलणार नाही. हलब्जा या कुर्दी गावावर सद्दामने विषारी वायू सोडला १९८८मध्ये, तेव्हा अमेरिका त्याच्याच पाठीशी होती. २००३मध्ये अमेरिकन इराकमध्ये घुसले ते संहारक अस्त्रांचं कारण सांगून, ती सापडलीच नाहीत. मे महिन्यात तिथला अमेरिकी कारभारी ब्रेमर याच्या एका आदेशाने अख्खं इराकी सैन्य बरखास्त. लाखो शस्त्रं चालवायला शिकलेले सैनिक एका फटक्यात घरी, बिनपगारी. त्यातलेच काही पुढे आयसिसमध्ये दिसले.

व्हिएतनामचंही सगळं गोड नाही म्हणा. त्यांचं सैन्य परत गेलं थेट १९८९मध्ये. म्हणून ७ जानेवारी कुणाला मुक्तिदिन वाटतो, कुणाला दुसऱ्या गुलामीचा पहिला दिवस. यातलं मला अजून नीट उलगडत नाहीये, आणि त्यावर बोलायला तूच हवास.

पुढच्या शनिवारी येतो. या वेळी उठून जाऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत